मध्यरात्रीचा अतिथि

प्रवासाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तीर्थयात्रेला निघालेल्यांनीं लिहिलें, हवापालटासाठीं डोंगरावर गेलेल्यांनीं लिहिलें, आणि परदेशास जाऊन आलेल्यांनीं तर कधीं कधीं गरजेपेक्षां अधिकच लिहिलें. परंतु ज्याला प्रवासाची हौस नाहीं, ज्याच्या पिशवींत कॅमेऱ्याऐवजीं कागदपत्रें आणि हत्यारें आहेत, आणि जो दिवसाचें काम बुडूं नये एवढ्याचसाठीं रात्रीं गाडींत बसतो, त्याच्या वांट्याला लेखकांची सहानुभूति फारशी आलेली नाहीं. त्याचीं दुःखें मोठीं नसतात, हेंहि याचें एक कारण असावें. दरोडा, अपघात, महापूर यांवर लेख होतो. मधल्या फळीवर उताणें पडून शेजाऱ्याच्या घोरण्याचीं आवर्तनें मोजीत काढलेल्या रात्रीवर कोण लिहिणार?

या लहान दुःखांची यादी मात्र लहान नाहीं. डब्यांत शिरावें तों आपल्या जागेवर कोणी तरी गाढ झोंपलेला असतो, आणि निजल्या माणसाला उठविण्याचें पातक आपल्या माथीं येतें. रेल्वेनें झोंपण्याचे तास ठरवून दिलेले आहेत. पूर्वीं ते रात्रीं नऊ ते सकाळीं सहा असे होते, सन २०१७ पासून दहा ते सहा झाले. परंतु नियमानें निजावयास जागा मिळते, निद्रा मिळत नाहीं. खालच्या जागेवरचें कुटुंब साडेदहाला शिदोरी सोडून बसलें म्हणजे मधली फळी उघडावी कशी? आपलें स्टेशन पहाटे साडेतीनला येणार असलें तर तें निसटून जाईल या भीतीनें दोनपासून डोळ्याला डोळा लागत नाहीं, आणि गाडी मात्र पांच वाजतां पोंचते. रिक्षावाला दिवसाच्या दुप्पट भाडें सांगतो. लॉजचा व्यवस्थापक टेबलामागें निजलेला असतो; तो डोळे चोळीत उठतो आणि आधार कार्डाची छायाप्रत मागतो, जणूं छायाप्रतीचीं दुकानें रात्रभर उघडींच असतात. गरम पाणी सहा ते आठ, म्हणजे नेमकी ज्या दोन तासांत थोडी झोंप लागण्याची आशा असते त्याच वेळीं. खोली पहाटे चारला घेतली तरी दुपारीं बाराला सोडावयाची, आणि भाडें पूर्ण दिवसाचें. खानावळी बंद झालेल्या असतात; तेव्हां स्टेशनवरच्या बिस्किटांवर भागवावें लागतें. आणि इतकें सोसून कचेरींत परतावें तों हिशेबनीस विचारतो, "रिक्षाची पावती कोठें आहे?"

ही यादी माझ्या अनुभवाची नव्हे. ती आमच्या मुलाची आहे. त्यानें ती मला सांगितलेली नाहीं. त्यानें ती आपल्या बायकोला वेळोवेळीं सांगितली, आणि तिच्याकडून ती माझ्यापर्यंत फार उशिरां आली. उशीर कां झाला, तेंच आज सांगावयाचें आहे.

आमचा मुलगा कारखान्यांतल्या यंत्रांच्या दुरुस्तीचें काम करतो. आज चाकण, उद्यां जालना, परवां इचलकरंजी, अशी त्याची फिरती असते. यंत्र अडलें कीं कारखानदाराचें दर तासाला नुकसान होतें. म्हणून याला "सवडीनें या" असें कोणी म्हणत नाहीं, "सकाळच्या पाळीपूर्वीं पोंचा" असें म्हणतात. काम आटोपलें कीं तो मिळेल त्या गाडीनें परततो. आमचें गांव नगर, म्हणजे सन २०२४ पासूनचें अहिल्यानगर. तेथल्या स्टँडवर तो उतरतो तेव्हां रात्रीचे दोन, कधीं तीन वाजलेले असतात. त्याच्याजवळ किल्ली असते, त्यामुळें तो कधीं आला तें आम्हांस कळत नसे. कळे तें सकाळीं, आणि तेंहि पुराव्यावरून: दाराशीं बूट, खुर्चीवर पिशवी, ओट्यावर बिस्किटांचा उघडा डबा, आणि दुधाच्या पातेल्यांत तळाशीं उरलेली साय. मी पहाटे उठणारा मनुष्य. स्नान, संध्या, चहा, वर्तमानपत्र, सर्व आटोपून साडेआठ वाजत, तरी याच्या खोलीचें दार बंदच.

उभा जन्म शाळेंत गेल्यामुळें उशिरां उठणाऱ्या माणसाविषयीं माझें एक मत बनून गेलें होतें. गेल्या श्रावणांत एके सकाळीं, सूनबाईच्या देखत, मी त्याला म्हणालों, "अरे, घर म्हणजे कांहीं धर्मशाळा नव्हे! वाटेल तेव्हां यावें, वाटेल तें उघडून खावें, आणि उन्हें वर येईपर्यंत निजावें!" तो कांहीं बोलला नाहीं. चहाचा कप विसळून पालथा घातला आणि कामाला निघून गेला. त्यानंतर ओट्यावर डबा कधीं उघडा दिसला नाहीं. फिरतीवरून तो आतां सकाळीं आठाच्या सुमारास घरीं येऊं लागला. पहिल्या गाडीनें येत असावा असें मी धरून चाललों. बोललेला शब्द लागू पडला, असें मला वाटलें आणि थोडें समाधानहि झालें. शिक्षकाला तेवढेंच समाधान पुरतें.

पुढें मार्गशीर्षांत मला अकोल्याहून बोलावणें आलें. तेथील एक प्रकाशक शाळेंतल्या मुलांसाठीं संस्कृत व्याकरणाचें पुस्तक काढीत होते. त्याचीं मुद्रितें मीं तपासलीं होतीं. शुक्रवारीं सकाळीं अकरा वाजतां शेवटची बैठक होती. नगरहून अकोल्याला जावयाचें तर मनमाड व भुसावळ यांवरून सुमारें पावणेपांचशे किलोमीटरांचा प्रवास. सोयीची गाडी रात्रीं बारा वाजून वीस मिनिटांनीं सुटणारी होती. जेवून निघावें, निजून जावें आणि सकाळीं साडेआठला उतरून स्नान करून बैठकीस बसावें, असा माझा बेत होता. आरक्षणाचा फॉर्म मीं स्वतः सुवाच्य अक्षरांत भरला. गुरुवारीं रात्रीं निघावयाचें, म्हणून तारीख गुरुवारची घातली.

त्या रात्रीं गाडीच्या दाराशीं तिकीट तपासनीस हातांतल्या यंत्रावर नांवें पाहत उभा होता. माझें नांव त्याला सांपडेना. त्यानें तिकीट मागितलें, एकवार पाहिलें आणि अगदीं मृदु स्वरांत तो म्हणाला, "काका, तुमची गाडी काल गेली."

माझी चूक माझ्या ध्यानांत यावयास क्षणभर लागला. तिकिटावर '००.२०' असें स्वच्छ छापलेलें होतें. गुरुवारचे शून्य वाजून वीस मिनिटें म्हणजे बुधवारचें जेवण झाल्यावरचीं. मी ज्या रात्रीं फलाटावर उभा होतों ती माझ्या दृष्टीनें गुरुवारची रात्र होती. रेल्वेच्या दृष्टीनें वीस मिनिटांपूर्वींच शुक्रवार लागला होता. माझी आरक्षित जागा अकोल्यास पोंचून परतहि आली असेल. गाडी सुटली. पुढची गाडी पावणेदोनला होती, तीहि मनमाडपर्यंतच; मीं तिचें अनारक्षित तिकीट काढलें आणि बाकावर जाऊन बसलों.

प्रथम माझा राग त्या मध्यरात्रीवर गेला. मनांत म्हटलें, आपल्याकडे दिवस सूर्योदयानें लागतो. पंचांगांत सूर्योदयाला जी तिथि ती त्या दिवसाची तिथि. ज्या क्षणीं जगांतलें कोणतेंहि पाखरूं जागें नसतें त्या क्षणीं दिवस बदलण्याची ही कसली परकी रीति! परंतु राग येण्यापुरती माहिती असली तरी तो टिकण्यापुरती नव्हती. आर्यभटानें वारप्रवृत्तीच्या दोन्ही पद्धती सांगितल्या आहेत. एक औदयिक, म्हणजे सूर्योदयापासून दिवस मोजणारी, आणि दुसरी आर्धरात्रिक, म्हणजे मध्यरात्रीपासून मोजणारी. वराहमिहिरानें त्याच्या या दुहेरी मोजणीचा उल्लेख केला आहे; आणि ब्रह्मगुप्ताचें सन ६६५ मधलें 'खण्डखाद्यक' आर्धरात्रिक पद्धतीवरच रचलेलें आहे. सूर्योदयाची वेळ ऋतूप्रमाणें आणि गांवाप्रमाणें बदलते. गणिताला मध्यरात्रीचा आधार अधिक स्थिर, हें आपल्या ज्योतिषांनाहि ठाऊक होतें. उलट पाश्चात्त्य ज्योतिषी सन १९२४ अखेरपर्यंत आपला दिवस मध्यान्हापासून मोजीत असत. तेव्हां परकेपणाचा आरोप टिकत नव्हता. चूक रेल्वेची नव्हती, मध्यरात्रीचीहि नव्हती. सदतीस वर्षें मुलांना "प्रश्न नीट वाचा" असें सांगणाऱ्यानें स्वतःचें तिकीट वाचलें नव्हतें.

थंडी वाढत होती. शेजारीं औषधांच्या कंपनीचा एक तरुण प्रतिनिधि पेटीवर पाय ठेवून बसला होता. त्यानें विचारलें, "काका, घर कोठें?"

"येथेंच, दिल्ली गेटाकडे," मी म्हणालों.

"मग गाडीला तास-दीड तास आहे. घरीं जाऊन पडा कीं."

"नको. आतां जाऊन दार वाजवावयाचें म्हणजे सगळ्यांची झोंपमोड होईल."

त्याला यांत नवल वाटलें नाहीं. "हो, तेंहि खरेंच," असें म्हणून त्यानें पिशवींतून चिवड्याची पुडी काढली आणि अर्धी माझ्यापुढें धरली.

त्यानें तें सहज मान्य केलें, परंतु मला स्वतःचेंच वाक्य पुन्हां ऐकूं आल्यासारखें झालें. वास्तविक झोंपमोडीचें कारण अर्धेंच खरें होतें. खरें कारण असें कीं एक वाजतां दार वाजवून, दिवे लावायला लावून, "तारीख चुकली" असें पुत्र-स्नुषांपुढें सांगण्याचें धैर्य मला होत नव्हतें. रिक्षानें गेलों तर माझें अंथरूण थोड्याच मिनिटांच्या अंतरावर होतें. आणि मी, त्या घराचा कर्ता पुरुष, लोखंडी बाकावर कुडकुडत बसलों होतों. अपरात्रीं आपल्याच घरीं जावयास मनुष्य कचरतो, ही गोष्ट वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मला प्रथम कळली. आणि तिच्या पाठोपाठ श्रावणांतली ती सकाळ आठवली. ज्या मुलाला मीं धर्मशाळेचा दाखला दिला तो अशा किती रात्रींनंतर त्या दारापाशीं येत असेल, दिवा न लावतां स्वयंपाकघरांत उभ्याउभ्या बिस्किटें खात असेल आणि दुधाच्या पातेल्याचा आवाज होऊं नये म्हणून जपत असेल! धर्मशाळेचा दाखला तरी बरोबर होता काय? धर्मशाळेच्या दाराशीं निदान कोणी राखणदार असतो.

पुढील प्रवासाचें वर्णन थोडक्यांत करतों. गाडी पाऊण तास उशिरां आली. अनारक्षित डब्यांत दाराजवळ एका पायावर उभें राहण्यापुरती जागा मिळाली. दुसऱ्या पायाची सोय पुढें दोन स्टेशनांनंतर झाली. मनमाडास उजाडतां उजाडतां उतरलों, तेथें दुसऱ्या गाडीची वाट पाहिली, आणि अकोल्यास पोंचलों तेव्हां दुपारचा एक वाजून गेला होता. स्नान राहिलें, संध्या राहिली, आणि बैठकहि बहुतेक आटोपली होती.

त्या बैठकींत मला एकाच मुद्द्यावर आग्रह धरावयाचा होता. बहुव्रीहि समासाच्या प्रकरणांत 'अतिथि' हा शब्द उदाहरण म्हणून घेतला होता: ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि. माझें म्हणणें असें होतें कीं ही फोड लोकप्रिय असली तरी व्याकरणदृष्ट्या 'अत्', म्हणजे सतत चालणें, या धातूपासून हा शब्द साधणें अधिक योग्य. मुलांना समासाचें उदाहरण म्हणून तो देऊं नये. मी पोंचलों तोंवर तें पान कायम होऊन गेलें होतें. संपादकांनीं सौजन्यानें विचारलें, "गुरुजी, आपला आक्षेप असेल तर अजून फिरवूं." मी नको म्हणालों. आदल्या रात्रीं मी गुरुवारचा कीं शुक्रवारचा हें मला सांगतां आलें नव्हतें. ज्याला तिथि नाहीं तो कसा असतो हें मीं बाकावर बसून शिकलों होतों. आणि जो सतत चालतो तो कसा असतो, हें माझ्या घरींच होतें. दोन्ही व्युत्पत्ति मला त्या दिवशीं सारख्याच खऱ्या वाटल्या.

निघतांना त्यांच्या हिशेबनिसांनीं तिकिटें मागितलीं. मीं दोन्ही तिकिटें पुढें ठेवलीं. आरक्षणाचें तिकीट बैठकीच्या एक दिवस आधींचें, म्हणून तें त्यांनीं आदरपूर्वक परत केलें, आणि अनारक्षित तिकिटाचे पैसे दिले. रिक्षाची पावती माझ्याजवळहि नव्हती.

घरीं परतल्यावर मीं सूनबाईला विचारलें, "हल्लीं हा फिरतीवरून कोणत्या गाडीनें येतो?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "नाना, हे रात्रींच येतात. स्टँडसमोर एक लॉज आहे, तेथें राहतात आणि उजाडल्यावर घरीं येतात. तुम्हांला त्रास नको म्हणतात."

मग हळूहळू तिनें तें सर्व सांगितलें जें मीं आरंभीं यादीरूपानें दिलें आहे. बाहेरगांवच्या मुक्कामाचे पैसे कंपनी देते; स्वतःच्या गांवांतल्या लॉजचे कोणती कंपनी देईल? ते तो आपल्या खिशांतून भरीत होता. माझ्या एका वाक्याचें भाडें तो साडेतीन महिने भरीत आला होता, आणि मी पहिल्या गाडीचें कौतुक करीत होतों.

मनुस्मृतींत सायंकाळीं सूर्यानें आणून सोडलेल्या पाहुण्यासाठीं 'सूर्योढ' असा खास शब्द आहे. त्याला गृहस्थानें परत लावूं नये, वेळीं येवो अवेळीं येवो, उपाशी ठेवूं नये, असें सांगितलें आहे. हा विषय मीं वर्गांत कितीदां तरी शिकविला. परंतु शिकवितांना तो पाहुणा नेहमीं कोणी परका, काठी-कमंडलु घेतलेला असा माझ्या डोळ्यांपुढें येई. तो आपलाच मुलगा असूं शकतो, त्याच्या हातांत हत्यारांची पिशवी असूं शकते आणि तो रात्रीं दोन वाजतां येऊं शकतो, हें मला सुचलें नव्हतें.

मुलाजवळ क्षमा मागण्याची रीत आमच्या पिढीला अवगत नाहीं; ती असती तर बरें झालें असतें. त्याच्या पुढच्या फिरतीच्या दिवशीं मी एवढेंच म्हणालों, "रात्रीं कितीहि वाजोत, सरळ घरीं ये. मला हल्लीं दोन-अडीचला जाग येतेच." हें असत्य होतें, शाळा सोडल्यापासून मी पहाटे चारपर्यंत गाढ झोंपतों. त्यानें माझ्याकडे पाहिलें आणि "बरें" म्हणाला.

त्या रात्रीं मीं ओसरीवरचा दिवा जळत ठेवला. सूनबाईनें मऊ भात, मेतकूट आणि तूप झांकून ठेवलें होतें. दूध थर्मासमध्यें भरलें होतें. दोन वाजून दहा मिनिटांनीं फाटक वाजलें. किल्ली कुलपाला लागण्यापूर्वीं मीं दार उघडलें.

"नाना, झोंपला नाहींत?"

"आतांच जाग आली. हात-पाय धू, पाणी तापवलें आहे."

तो पाटावर बसून जेवला. मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं; शिक्षकाला हें कठीण जातें, पण जमलें. अर्धा भात झाल्यावर त्यानें आपण होऊनच सांगितलें कीं यंत्राचें एक बेअरिंग गेलें होतें, सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत सहा तास बसावें लागलें, आणि मालक तेवढा वेळ याच्याच डोक्यावर उभा होता. इतक्या वर्षांत त्याच्या कामाविषयीं मीं त्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली गोष्ट. सकाळीं तो साडेनवाला उठला. मी वर्तमानपत्र वाचीत होतों, तसाच वाचीत राहिलों.

ज्यांच्या घरीं असा कोणी फिरतीचा मनुष्य आहे त्या वाचकांना माझ्या या खर्चिक प्रवासांतून दोन गोष्टी देतों. पहिली तिकिटाविषयीं: गाडीची वेळ रात्रीं बारानंतरची असली तर तारीख दुसऱ्या दिवसाची घालावी, आणि घरांतल्या कॅलेंडरावर नुसतें 'गुरुवार' न लिहितां 'गुरुवार-शुक्रवारची मध्यरात्र' असें लिहावें. दुसरी घराविषयीं: त्याच्या वाटेवरचीं दुःखें आपल्यानें दूर होण्यासारखीं नाहींत. उशिरां येणारी गाडी, निजलेला व्यवस्थापक आणि पावती मागणारा हिशेबनीस हे तसेच राहतील. एक दिवा, झांकलेलें ताट आणि सकाळचे दोन तास निवांतपणा, इतकें मात्र आपल्या हातीं आहे. आमच्या ओसरीवरचा दिवा आतां फिरतीच्या रात्रीं जळत असतो. विजेचें बिल थोडें वाढलें आहे, आणि त्याची पावती मीं मागितलेली नाहीं.